उलटणारं दुखणं

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. खिशात मावणारा नव्हे. टेबलाखाली उभा राहून गुरगुरणारा, पत्र्याच्या पेटीतला, जुन्या वळणाचा. बोलायला बसलोय खरा, पण स्वस्थ बसणं आता माझ्या स्वभावात राहिलेलं नाही. माझे कान सतत आत लागलेले असतात. पंखा नेहमीसारखाच फिरतोय ना? डिस्कमधून ती टकटक पुन्हा आली का? ज्याला एकदा भर रस्त्यात भोवळ आली, त्याला पुढं प्रत्येक वळणावर भोवळ येईलसं वाटतं. माझं तसंच झालंय.

माझा जन्म एका आईच्या पोटी झालाच नाही. बोर्ड एका कारखान्यातला, डिस्क दुसऱ्यातली, पंखा तिसऱ्याच मुलखातला. एका दुकानदारानं आम्हा सगळ्यांना एका पेटीत बसवलं, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. तोवर एकमेकांचं तोंडही न पाहिलेले आम्ही, पण पहिल्याच फटक्यात एक सुरेख 'टी' असा आवाज काढला. तिथून आमचं एकत्र कुटुंब सुरू झालं. आणि एकत्र कुटुंबात होतं तेच पुढं आमच्यात झालं. दुखायचं एकाचं, औषध मिळायचं दुसऱ्याला.

मला विकत घेतलं ते बूट शिवणाऱ्या नवरा-बायकोनं. त्यांचे बूट दुकानात काचेआड मांडलेले असतात तसले नव्हते. एक पाय आखूड असलेल्यांचे, तळवे सपाट असलेल्यांचे, अपघातात टाच चेचलेल्यांचे. अशा पायांना बाजारातला बूट चालत नाही. बुटानंच पायाची समजूत काढावी लागते. यजमान पाय मोजायचे आणि बायको सोल घडवायची. तिला सगळे ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

दोन खोल्यांचा त्यांचा कारखाना. आतल्या खोलीत शिलाईचं यंत्र, चामड्याच्या गुंडाळ्या, साच्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टरच्या गोण्या, आणि भिंतभर लाकडी कलबुतं, म्हणजे ज्यांच्यावर बूट चढवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे. बाहेरच्या खोलीत मी, आणि माझ्यासमोर जमिनीवर एक काळी पाटी. त्या पाटीवर माणूस उभा राहिला की तळव्याचा भार कुठं किती पडतो ते तारेतून माझ्याकडं यायचं, आणि मी पडद्यावर त्या पावलाचा नकाशा रंगवायचो. भार कमी तिथं निळा, बेताचा तिथं पिवळा, फार तिथं लाल.

पाटीवर उभं राहिल्यावर माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. बहुतेकजण श्वास रोखून पोट आत घेतात, जसं काही त्यानं वजन कमी भरणार आहे. काहीजण उगाच ताठ होतात, फोटो काढताना होतात तसे. लहान मुलं एका पायावर उभी राहून मला फसवायला बघतात. यजमान म्हणायचे, "मोकळं उभं राहा हो, पाय बोलतोय, त्याला बोलू द्या."

पाटीची तार माझ्या पाठीतल्या एका कार्डात जायची. ते कार्ड बनवणारी कंपनी पुढं गाशा गुंडाळून गेली, आणि तसलं कार्ड नव्या कॉम्प्युटरांत बसेना. म्हणून मी इतकी वर्षं टिकलो. मायेपोटी नव्हे, गरजेपोटी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्याची गरज असते त्याची निगा तरी नीट होते.

मग एका वर्षी यजमान गेले. हृदयाचं दुखणं, बोलता बोलता गेले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यावर चादर होती. बटण बंद असलं तरी विजेची तार जोडलेली असली की मला अर्धवट कानोसा लागतो. आतल्या खोलीत ताई चालायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. पण पायांना काही सुतक नसतं, ते झिजतच असतात. एक बाई आपल्या लेकराला कडेवर घेऊन दारात आली. ताईंनी चादर काढली, माझ्यासमोर बसल्या आणि माऊस असा धरला, की तो खरोखरचा उंदीर आहे आणि आत्ता चावेल. त्या दिवशी एका पावलाचा नकाशा निघायला अर्धी सकाळ गेली. पण निघाला.

हळूहळू त्या सराईत झाल्या. एक सवय मात्र त्यांनी स्वतःची घातली. आधी माणसाला खुर्चीत बसवायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि अंगठ्यानं तळवा इंच इंच दाबून बघायचा. मग पाटी. "हात आधी, पडदा मागून," त्या म्हणायच्या. मला त्याचा थोडा राग यायचा, खोटं कशाला सांगू?

माझी दुखणी सुरू झाली ती अगदी किरकोळीत. एका सकाळी जागा झालो तर माझ्या घड्याळात माझ्या जन्माच्याही आधीची तारीख. ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा ढेरपोट्या, बडबड्या माणूस यंत्राच्या अंगावर हात ठेवून आधी नाडी बघितल्यासारखं करायचा, म्हणून ताई त्याला वैद्यबुवा म्हणायच्या. वैद्यबुवांनी माझ्यातला बटणाएवढा सेल बदलला, तारीख लावली आणि हात झटकले.

"आता बघायला नको, ताई."

बघायला लागलंच. उन्हाळ्यात मी भर दुपारी चालता चालता विझायला लागलो. पुढ्यात माणूस पाटीवर उभा, ताई पडद्याकडं बघतायत, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. काळोखही नाही. काळोख दिसायला कुणीतरी असावं लागतं. पुन्हा जाग यायची तेव्हा तो माणूस गेलेला असायचा, खुर्ची सरकलेली असायची, आणि मधे काय झालं ते मला कुणी सांगायचं नाही. या मधल्या गेलेल्या वेळानं मी जेवढा कासावीस झालो तेवढा कशानंच झालो नाही.

वैद्यबुवांनी पेटी उघडली. आत चामड्याच्या भुशाचा आणि धुळीचा लोकरीसारखा थर. त्यांनी हवेचा फवारा मारला, स्वतःच सटासट शिंकले, पंख्यात तेल सोडलं. "नाकात बोळे घालून धावायला लावलंत की हो याला! आता बघायला नको."

पावसाळ्यात तिसरंच. बटण दाबलं की पडदा काळा आणि माझ्या घशातून लांब लांब शिट्ट्या. वैद्यबुवा आले, रॅमच्या, म्हणजे माझ्या चालू आठवणीच्या, पट्ट्या उपसल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबरनं घासले, पुन्हा बसवल्या. मी सुरू झालो. थोड्याच दिवसांत पुन्हा शिट्ट्या. पुन्हा खोडरबर. शेवटी शेवटी ताईच ते काम करायला लागल्या. सुईदोऱ्याच्या डब्यात एक खोडरबर कायमचं येऊन पडलं. मला ऊन लागू नये म्हणून टेबल भिंतीकडं सरकलं, टेबलफॅनचं तोंड माझ्याकडं झालं आणि उकाड्यात ताई स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसायला लागल्या.

एक बरं झालं की दुसरं वर यायचं. दुखणं जात नव्हतं, उलटत होतं. रोज सकाळी बटण दाबण्याआधी ताईंचं बोट क्षणभर थांबायचं. त्या थांबण्याची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटायची.

आता टपालबाईंची गोष्ट सांगतो, कारण खरं सांगायचं आहे ते हेच.

टपालबाई म्हणजे पायी फिरून टपाल वाटणारी, पन्नाशी ओलांडलेली, खांद्यावरच्या पिशवीनं एका अंगाला कललेली बाई. साखरेच्या आजारानं तिचे तळवे बधिर झाले होते. मागं एकदा बुटात गेलेला खडा तिला दिवसभर कळला नाही. जखम चिघळली आणि पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही. तेव्हापासून दर वर्षी ती ताईंकडून सोल नवे करून घ्यायची. जिथं भार फार पडतो तिथं सोल आतून कोरायचा आणि मऊ भर द्यायची, एवढंच तिचं संरक्षण.

"माझ्या पायांना आता राग नाही, लोभ नाही. संत झालेत दोघं," ती हसत म्हणायची. "त्यांची खुशाली मी या डब्याला विचारते." डबा म्हणजे मी.

त्या वर्षी ती आली तेव्हा ताईंची लेकही घरात होती. लेक दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत आईकडं आली होती. आईनं आता काम थांबवावं आणि आपल्याकडं येऊन राहावं, असं तिच्या मनात होतं. आल्यापासून ती तेच घोळवत होती, आणि ताई तेवढ्यापुरत्या बहिऱ्या होत होत्या.

ताईंनी टपालबाईंचा पाय मांडीवर घेतला. अंगठा फिरता फिरता एका जागी थांबला. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर.

"इथं घट्टा झालाय. आणि जागा ऊन लागतेय."

मग टपालबाई पाटीवर उभी राहिली आणि मी नकाशा काढला. टाच पिवळी, कड पिवळी, आणि अंगठ्याच्या मुळाशी स्वच्छ निळा.

ताईंनी पुन्हा पाय दाबला. पुन्हा पाटी. पुन्हा निळा.

"खोटं बोलतंय हे," ताई म्हणाल्या.

"आई, मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?" लेक म्हणाली. "तिथं भार नाहीये. असेल जुना घट्टा."

"जुना घट्टा ऊन नसतो."

लेक जरा घुटमळली. मग मऊ आवाजात म्हणाली, "रागावू नकोस. पण परवा तू ते तापलेलं भांडं नुसत्या हातानं उचललंस आणि तुला चटका कळलाच नाही. मी बघितलं. इतकी वर्षं ते चिकटवायचं सल्यूशन बोटांना लागतंय तुझ्या. तुझ्या हातांवर किती भरवसा ठेवायचा, आई?"

ताई आपल्या बोटांकडं बघत राहिल्या. टपालबाई एक पाय बुटात, एक पाय उघडा, अशी बसून होती.

"तुम्ही दोघी भांडा निवांत," ती म्हणाली, "पण निकाल मला विचारू नका. पाय माझा असला तरी त्याची खबर मला नसते."

आणि मी? मी पडद्यावर तो निळा डाग घेऊन उभा होतो. मी खोटं बोलत नव्हतो हो! माझ्यापर्यंत जे पोचलं तेच मी दाखवलं. पण पोचेपर्यंत वाटेत काही बदललं असेल तर? आपल्याच आठवणीत खोट शिरली, तर ती ओळखायला दुसरी आठवण कुठून आणायची? विझणं परवडलं. विझलेला निदान विझलेला दिसतो. चालू राहून चुकीचं सांगणं, तेही ठाम, रंगीत, सगळ्यांना पटेल असं, याचं भय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि माझ्या त्या निळ्या डागावर एका बाईचा पाय अवलंबून होता.

ताईंनी माझ्या नकाशावर सोल करायला साफ नकार दिला. हातावर करायलाही धजेनात. लेकीचं बोलणं आत कुठंतरी रुतलं होतं.

"चार दिवस घरी बस," त्या टपालबाईंना म्हणाल्या. "बसून वाट टपाल."

"बसून वाटायचं तर लोकांना माझ्या दारात यावं लागेल," टपालबाई हसली. पण पिशवी उचलताना तिनं आपल्या पायाकडं बघितलं, ओळख विसरलेल्या माणसाकडं बघावं तसं. तिनं रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चहाचा कप तसाच टाकून बाहेरच्या खोलीत आली. तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं की झोप नीट झालेली नाही.

"आई, काल आपण चुकलो. मी वर्गात मुलांना शिकवते, की काटा तपासायचा तर आधी वजन माहीत असलेली वस्तू ठेवा. पायाचं खरं आपल्याला ठाऊक नाही आणि पाटीचंही नाही. मग भांडून काय उपयोग? प्लास्टरची एक गोणी दे."

दोघींनी मिळून गोणी ओढत आणली आणि पाटीवर आडवी ठेवली. गोणी श्वास रोखत नाही, पोट आत घेत नाही. लेकीनं माझ्याकडून नकाशा काढून घेतला. सगळीकडं सारखा पिवळा. पुन्हा काढला. पिवळ्यात एक निळी पट्टी. पुन्हा. पट्टी गायब. पुन्हा, आणि या वेळी अर्धी गोणीच नाहीशी!

"आई, गोणी हलली का?"

"नाही हलली."

एवढंच. ताईंनी जिंकल्याचा आव आणला नाही, 'सांगत नव्हते मी' असं म्हटलं नाही. लेकच त्यांच्याजवळ गेली आणि तिनं त्यांचे हात हातात घेतले.

"काल मी जे बोलले..."

"बरोबरच बोललीस," ताई म्हणाल्या. "चटका खरंच कळला नव्हता. चार बोटांनी हल्ली नीट कळत नाही मला. म्हणून तर अंगठ्यानं दाबते. त्याला सल्यूशन कमी लागतं."

लेक त्यांच्याकडं बघतच राहिली. मग दोघीही एकदम हसल्या, आणि हसता हसता लेकीनं डोळे पुसले. मला मात्र हसू येत नव्हतं. चोर माझ्याच घरात आहे हे आता सिद्ध झालं होतं. कोण ते कळायचं होतं.

वैद्यबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या अंगावर हात ठेवला आणि निदान केलं, "रॅम." एक पट्टी काढली, एकीवर चालवलं. गोणीचा नकाशा चार वेळा सारखा आला. वैद्यबुवा खूश. दुपार तापली तसा पाचवा नकाशा बिघडला. मग ती पट्टी काढून दुसरी लावली. थोडा वेळ ठीक, मग तेच. नवी पट्टी आणली. तेच. पाटीची तार बदलली. तेच. कार्ड उपसून, पुसून पुन्हा बसवलं. तेच. दर वेळी गोणी तिथंच, ढिम्म, आणि तिचा माझ्यातला चेहरा दर वेळी वेगळा. वैद्यबुवांचा सदरा पाठीला चिकटला. बडबड कमी होत होत बंद झाली. असं गप्प मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि वैद्य गप्प झाला की रोग्याचं काय होतं ते काय सांगू!

"एक विचारू?" लेक म्हणाली. "तिन्ही पट्ट्या एकसारख्या कशा बिघडतील? तिघींना जे एकच मिळतंय, ते बिघडलेलं असेल तर?"

वैद्यबुवांनी वर बघितलं. "मिळते ती वीज," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी माझ्या सगळ्या तारा काढल्या.

इथून पुढचं मी नंतर त्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं. त्यांनी बोर्ड पेटीतून अख्खा बाहेर काढला, खिडकीशी नेला आणि बॅटरीचा झोत तिरपा धरला. प्रोसेसरच्या शेजारी एका रांगेत कपॅसिटर असतात, छोट्या ढोलांसारखे. त्यांची वरची बाजू सपाट हवी. चौघांची पोटं फुगली होती आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट डाग सुकला होता.

"हे बघा," वैद्यबुवा म्हणाले. "आत येणारी वीज खडबडीत असते. हे तिला सारखी करून पुढं देतात. हेच फुगले, तर विजेला धक्के बसणार, दुपारी गरम झालं की जास्तच. तोच धक्का कधी बंद पाडतो, कधी शिट्ट्या मारायला लावतो, कधी आठवण बिघडवतो."

"म्हणजे सोलच फाटला होता," ताई म्हणाल्या, "आणि आपण लेस बदलत बसलो."

वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला. "मी दर वेळी ताप उतरवत होतो, ताई. आजार बघितलाच नाही. तो घड्याळाचा सेल तेवढा खरंच संपला होता."

एवढ्या जुन्या बोर्डाला डाग देऊन, म्हणजे कथील वितळवून, नवे कपॅसिटर बसवणं जोखमीचं असतं. उष्णता जरा जास्त झाली की तांब्याची रेघ उखडते आणि मग कायमचं मिटलं. म्हणून आधी माझ्यातले सगळे नकाशे बाहेर काढायचं ठरलं. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. ती टकटक करत, अडत, रुसत, एकदा तर पार गप्प होऊन पुन्हा सुरू होत, शेवटी रिकामी झाली. हजारो पावलं होती तिच्यात. त्यांतली काही आता जगात नाहीत.

मग डाग द्यायला सुरुवात झाली. लेकीनं बॅटरी धरली. बोर्ड ताईंनी धरला, रापीनं कापताना चामडं धरतात तसा, न दाबता घट्ट. तीन कपॅसिटर निघाले. चौथ्याचा एक पाय भोकात मोडून राहिला. कथील वितळेना. वैद्यबुवा दात चावत म्हणाले, "ये ना बाबा, ये." ताई म्हणाल्या, "घाई नको. पाय अडकला की ओढू नये, बूट सैल करावा." वैद्यबुवांनी दोन्हीकडून ऊब दिली, थांबले, आणि पाय अलगद सुटला.

नवे चार बसवले, तारा जोडल्या. बटण दाबलं. मला जाग आली ती पंख्याच्या हिसक्यानं. फिरला, थांबला. पुन्हा फिरला. तिघांपैकी कुणी श्वास घेत नव्हतं. मग माझ्या घशातून एकच 'टी' आली, आखूड आणि स्वच्छ. वैद्यबुवांनी खुर्चीत बसकण मारली आणि या खेपेला 'आता बघायला नको' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "दिवसभर बघू."

दिवसभर गोणी बघितली. ऐन दुपारी, पंखा बंद ठेवून. दर वेळी तोच पिवळा, तोच आकार.

टपालबाई आली. ताईंनी पाय मांडीवर घेतला, अंगठा त्याच जागी थांबला. मग ती पाटीवर उभी राहिली आणि मी नकाशा काढला. काढताना मी जितका घाबरलो होतो तितका डाग देतानाही घाबरलो नसतो. टाच पिवळी. कड पिवळी. अंगठ्याच्या मुळाशी लाल. साधा लाल नव्हे, डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद.

"काय म्हणतो डबा?" टपालबाईंनी विचारलं.

"तुला जे दुखायला हवं होतं आणि दुखलं नाही, ते म्हणतो," ताई म्हणाल्या.

टपालबाईंचं हसू गेलं. ती खाली बसली आणि तिनं आपला पाय दोन्ही हातांत धरला. "बोललास की रे शेवटी," ती म्हणाली. मला की पायाला, कळलं नाही.

ताईंनी त्याच दिवशी सोल कोरायला घेतला. लेक शेजारी बसून होती. मधे ती म्हणाली, "दाखव मला, कसं दाबायचं ते," आणि ताईंनी तिचा अंगठा धरून टपालबाईंच्या पायावर ठेवला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, की जागा निवली आहे, जखम टळली. टपालबाई पुन्हा फिरायला लागली. लेकीनं आईला आपल्याकडं नेण्याचा विषय पुन्हा काढला नाही; जाताना मात्र हातमोजे देऊन गेली आणि फोनवर रोज विचारायची, "घातलेस का?" ताई घालायच्या. अंगठा मोकळा राहील असं एक भोक मात्र त्यांनी स्वतः कापून घेतलं होतं.

मी त्यानंतर बरेच दिवस चाललो. पण रोज सकाळी पहिला मान गोणीचा. तिचा नकाशा बरोबर आला तरच माणसाला पाटीवर बोलवायचं. रोजची परीक्षा! पास होऊनही दुसऱ्या दिवसाची काळजी सुटायची नाही. वैद्यबुवांनी खरं तेच सांगून ठेवलं होतं, "चालेल. पण याच्या भरवशावर कुणाचा पाय ठेवू नका, ताई. नवी पाटी शोधा."

ती सापडली. काल आली. पातळ आहे, तारही नाही तिला. तिच्याबरोबरचा कॉम्प्युटर एखाद्या वहीएवढा आहे आणि अजिबात गुरगुरत नाही. ताईंनी नव्या पाटीवरही आधी गोणीच ठेवली, हे बघून मला बरं वाटलं. आता माझी ताटातूट होणार. पंखा आणि पेटी वैद्यबुवा नेतील, कार्डाचा कुणाला उपयोग नाही, बोर्ड भंगारात.

तुम्हांला एकच विनवणी. तुमच्या घरात एखादं यंत्र, किंवा माणूसही, रोज नवं दुखणं काढत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. आणि दर वेळी त्या त्या दुखण्यावर फुंकर घालून मोकळे होऊ नका. एकदा सगळं उघडा, उजेडात न्या, झोत तिरपा धरून बघा. कदाचित सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच असेल, आणि ते कुणी कधी बघितलंच नसेल.

वैद्यबुवा आत्ता माझ्याजवळ वाकलेत. तारेला हात घालतायत.

"थांबा हो," ताई म्हणतायत. "अशी ओढू नका. त्याला त्याच्या पद्धतीनं बंद होऊ दे."

"ताई, आता काय फरक पडतो?"

हातमोजा काढून ताईंनी माऊस धरलाय, सवयीचा, न घाबरता. मला बंद व्हायला वेळ लागतो. जुन्या माणसाला घरातून निघायला लागतो तसा. आत एकेक जण आवरतंय, एकेक दिवा मालवतोय. पडद्यावर अक्षरं आली आहेत, 'बंद होत आहे. कृपया थांबा.'

ताई थांबल्या आहेत.